दारावरचा गालिचा

झैतुनाने आयुष्यात दोनच गावं पाहिली. एक इथिओपियातलं हरार, जिथे ती जन्मली, वाढली, नांदली. दुसरं उन्हाने भाजणारं दिरे दावा, तेही नवऱ्याला दवाखान्यात नेलं होतं म्हणून. पण देशातल्या कुठल्याही नामांकित गावाचं नाव काढा, झैतुना तिथली हालहवाल सांगायची. गुडघ्यावर हात ठेवून, ओठ आवळत पायरी उतरणारा पाहुणा आला की समजायचं, हा लालिबेलाहून आला. दोन दिवस दगडातल्या देवळांत चढउतार झालेली आहे. घोट्यांवर डासांच्या गांधी असल्या तर बाहिर दार, तळ्याकाठचं. गोंदरहून आलेले राजवाड्यांबद्दल बोलायचे थांबत नाहीत, राजधानी आदिसहून आलेले खोकायचे थांबत नाहीत.

"आणि दिरे दावाचा कसा ओळखायचा गं, आय?" बोळातल्या पोरी मुद्दाम विचारायच्या. तिकडे वयाने मोठ्या बाईला आयच म्हणतात.

"तो आधी पाणी मागतो, मग नाव सांगतो."

हा धंदा तिने ठरवून काढला नव्हता. नवरा मालमोटार चालवायचा. तो तापाने गेला तेव्हा पदरात नऊ वर्षांची किमिया. झैतुना टोपल्या विणायची, पण टोपली विणायला महिने लागतात आणि भूक रोज लागते. अशात एक दिवस भर दुपारी एक गोरी म्हातारी बोळ चुकली आणि हिच्या फाटकाशी येऊन मटकन बसली. हिने तिला आत घेतलं, कॉफीच्या पानांचं दुधामिठाचं पेय पाजलं आणि आतल्या चिमुकल्या खोलीत निजवलं. ही खोली प्रत्येक जुन्या घरात असते. नव्या नवरानवरीने पहिले दिवस तिथे काढायचे. झैतुनानेही काढले होते. आता ती रिकामी पडून होती. म्हातारी चार दिवस राहिली, जाताना पैसे ठेवून गेली आणि आपल्या गावी जाऊन दहा जणांना पत्ता दिला. तिथून जे सुरू झालं ते सुरूच.

पाहुण्यांचं एक मात्र तिला शिकवता आलं नाही. घरात पाच ओटे, उंच-सखल. कोणी कुठे टेकायचं हे हरारच्या लेकराला चालायला लागल्यापासून ठाऊक. पाहुणे मात्र आले की थेट वडीलधाऱ्यांच्या मानाच्या ओट्यावर पाय पसरून मोकळे. सांगून सांगून जीभ दुखली. शेवटी तिने त्या ओट्यावर ज्वारीचं पोतं आणून ठेवलं. "बसा म्हणावं आता मांडीवर घेऊन."

हे 'म्हणावं' म्हणायला किमिया लागायची. झैतुनाला आपली हरारी येत होती, ओरोमो येत होती, बाजारापुरती अम्हारी. पाहुण्यांची भाषा किमियाला. फोन किमियाने घ्यायचा, कोण कधी येणार ते किमियाच्या डोक्यात, कुणाचं पोट बिघडलं तर ते आधी किमियाला कळायचं. लेक दोन दिवस आजारी पडली तर झैतुना आपल्याच घरात मुकी व्हायची. बघता बघता किमिया एकतीस वर्षांची झाली.

आता गालिच्याचं. हरारमध्ये लग्नाची मुलगी घरात असली की दाराच्या आतल्या बाजूला वरच्या फळीवर गालिचा गुंडाळून ठेवतात. आलेल्याने मान वर करून बघावं आणि समजावं. मुलगी उजवली की गालिचा खाली. झैतुनाच्या घरी तो दहा वर्षं वर होता. तीन स्थळं आली, किमियाने तिन्ही परतवली. तिसरं परतवलं त्या दिवशी तिने स्वतः हात वर करून गालिचा खाली ओढला.

"दुकानाची पाटी आहे का ही, आय?" असं म्हणून तिने तो पाहुण्यांच्या खोलीत अंथरून टाकला.

त्याला तीन वर्षं झाली. झैतुनाने चारचौघांत कपाळ बडवून घेतलं. पण खरं सांगायचं तर त्या रात्री तिला कधी नव्हे अशी गाढ झोप लागली होती.

यंदा सणाआधी घर रंगवायला काढलं. भिंतींना हिरवा रंग, जमिनीला तांबडी माती. सगळं सामान अंगणात. गालिच्यावर रंग सांडायला नको म्हणून झैतुनाने तो गुंडाळला आणि इकडे तिकडे बघितलं. अंगणात कोंबड्या, ओट्यांवर ओली माती. हात आपोआप वर गेले आणि गालिचा फळीवर जाऊन बसला. वर्षानुवर्षांची सवय हाताला असते, डोक्याला नसते.

तेवढ्यात शेजारची रहिमा कुंचला मागायला आली. रहिमा बोळातल्या बायकांच्या मंडळाची कर्तीधर्ती. लग्न असो की मयत, तिच्याशिवाय चूल पेटायची नाही. तिने उंबऱ्यात पाय ठेवला, मान वर केली आणि कुंचला विसरली.

"झैतुना!"

"काय गं? विंचू आहे का?"

"विंचू कसला? माशा अल्लाह! बाई, एका शब्दाने बोलली नाहीस!"

झैतुनाने वर पाहिलं आणि तिच्या हातातली मातीची पाटी घसरली. "अगं, ते रंगासाठी… रंग सांडू नये म्हणून…"

"हो, हो. रंगासाठीच," रहिमा डोळे मिचकावून म्हणाली आणि आल्या पावली निघून गेली.

दुपारपर्यंत बोळभर झालं. संध्याकाळी तीन बायका मीठ मागायला आल्या. तिघींच्या घरी एकदम मीठ संपलं होतं म्हणे. प्रत्येक जण उंबऱ्यात थांबून मान वर करी आणि मीठ घेतल्यावाचून परत जाई.

"काढून टाकते तो मेला गालिचा," झैतुना किमियाला म्हणाली. "माझीच चूक. तू रागावू नकोस."

किमिया भिंत रंगवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "जमीन ओली आहे अजून. कुठे ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी जमीन वाळली. किमियाने सगळं सामान आत आणलं, टोपल्या भिंतीवर होत्या तशा लावल्या, पाहुण्यांच्या खोलीत चादरी घातल्या. गालिचा तेवढा राहिला. झैतुना बघत होती. लेक दिवसातून वीस वेळा त्या दाराखालून ये-जा करत होती. चांगली उंच बाई. हात वर केला असता तरी पुरला असता.



तिसऱ्या दिवशी सकाळी रहिमा आली ती कुंचल्यासाठी नव्हे. नवी ओढणी, हातात हलव्याचं ताट. बरोबर झैतुनाचे थोरले दीर यूनुस, वडीलधारे म्हणून सगळ्यांचे अव, काखेत चघळायच्या हिरव्या पानांची जुडी घेऊन. पोतं ढकलून अव यूनुस मानाच्या ओट्यावर बसले. रहिमा खालच्या ओट्यावर. किमिया कॉफी करायला चुलीशी.

"आमचा रद्वान," रहिमाने सुरुवात केली. रद्वान तिच्या बहिणीचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेलेले, हिनेच वाढवला. शिवणयंत्रांच्या बोळात त्याचं शिंपीकामाचं दुकान. "चौतीस वर्षांचा आहे. पोरगा गरीब आहे, पण हात सरळ आहे."

"हात सरळ आहे, कान कसे आहेत?" झैतुना म्हणाली. "दिवसभर त्या खडखडाटात बसतो. माझी लेक बोललेली ऐकू येईल का त्याला?"

"तुझी लेक बोलली की चौथ्या बोळात ऐकू जातं, झैतुना," रहिमा म्हणाली.

अव यूनुस हसले, खाकरले आणि गंभीर झाले. "हे बघ, झैतुना. बोळात लोक दोन तोंडांनी बोलतायत. कुणी म्हणतं गालिचा मुद्दाम ठेवला, कुणी म्हणतं रंगकामात चुकून राहिला. चुकून राहिला असेल तर तसं सांग. कॉफी पिऊ, हसू आणि उठू. कुणाची मान खाली जाणार नाही. मी माझ्या भावाच्या जागी बसून विचारतोय. गालिचा या घराच्या मर्जीने वर आहे का?"

सांगायचं होतं ते खरंच होतं. चुकूनच तर ठेवला होता. एक वाक्य बोललं की लेक घरात, फोन लेकीच्या हातात, पाहुणे सुखात. झैतुनाने तोंड उघडलं.

चुलीशी किमियाने कॉफीचं भांडं उचललं होतं, पण ती ओतत नव्हती. पाठमोरी, मान ताठ. भांडं हातात तसंच धरून उभी, जणू कुणी परीक्षेचा निकाल वाचणार आहे.

"मीच ठेवला," झैतुना म्हणाली. आवाज जरा फाटला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "माझ्या हाताने ठेवलाय, भाईजी. मर्जीने नाही तर काय वाऱ्याने चढला?"

मग कॉफीचा आवाज आला, कपात पडणारा.

मंडळी गेल्यावर मायलेकी ओट्यावर बसल्या.

"तुला कधी कळलं?" किमियाने विचारलं.

"पाहुण्यांच्या खोलीला खिडक्या तीन. गेल्या वर्षभरात तो शिंपी पडद्यांचं माप घ्यायला अकरा वेळा आला. मला वाटलं, बिचारा मोजायला विसरतो."

किमियाने हसता हसता ओढणी तोंडावर घेतली. मग ओढणीतूनच म्हणाली, "तीन जणांना तुझ्यासाठी परतवलं होतं, आय."

"माझ्यासाठी? मला विचारलं होतंस?"

"परतवू नको म्हणाली असतीस का?"

झैतुना त्या झोपेबद्दल बोलली नाही. काही गोष्टी आईने आपल्याजवळ ठेवायच्या असतात. तिने लेकीच्या बोटांवरचा हिरवा रंग नखाने खरवडायला घेतला. "रद्वानचं घर चार बोळांवर. सकाळी उठून इकडे पळत येऊ नकोस. नव्या नवरीला शोभत नाही. दुपारी ये."

"आणि फोन?"

"वाजू दे. दुपारी तूच घे."

फाटकावर थाप पडली. बाहेरून कुणी परक्या भाषेत हाक मारली. किमिया उठायला लागली तशी झैतुनाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः निघाली. फाटकात एक उंच माणूस आणि त्याची बायको, पाठीवर ओझी, हातात चिठ्ठी. माणूस चिठ्ठी दाखवत भराभर काहीतरी बोलला.

झैतुनाने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती आपल्या हरारीत, मोठ्याने आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "या. आत या. लेकीचं लग्न ठरलंय आज. आधी हलवा खायचा."

त्यांना अक्षर कळलं नाही. पण बाईने झैतुनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपल्या पाठीवरचं ओझं उतरवून तिच्या हातात दिलं आणि तिच्या मागोमाग आत आली.