सव्वाशे किलोचा नवस

शालूबाईंच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती. एक अंगानं भरलेली आणि दुसरी उपाशी. तिसरा प्रकार त्यांनी कधी मानलाच नाही.

त्यांचं माहेर वडूजकडचं, कोरडवाहू. तिथं सगळं घरच वाळल्या शेंगेसारखं. धाकटा भाऊ ज्ञानू मिलिटरीत भरती झाला तेव्हा त्याचं बनियन अंगात घातल्यासारखं नव्हे, दोरीवर वाळत टाकल्यासारखं दिसायचं. शालूबाई लग्न होऊन कुपवाडजवळच्या ऊसवाल्या गावात आल्या आणि पहिला मुलगा झाला तोही चिमणीएवढा. बघायला आलेल्या एका बाईनं दुपटं वर करून विचारलं, "आगं, ह्यात प्वारगं कुटं हाय?"

ते बोलणं शालूबाईंनी गिळलं आणि पोराला भरवायला घेतलं. पस्तीस वर्षं भरवतच राहिल्या.

त्यामुळे ते पोर, धैर्यशील, असा काही भरला की मोटारसायकलवर त्यानं टांग टाकली की गाडी आधी खाली बसायची, मग चालू व्हायची. कुपवाडच्या कारखान्यात तो लेथवर कामाला. फाटकातून आत शिरला की पोरं ओरडायची, "सरका रं, रोडरोलर आला." घरी त्याला बसायला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या असायच्या. शालूबाई त्या स्वतः पदरानं पुसायच्या.

"आत्या, ह्यांना जिना चढताना धाप लागतीया," सून अंकिता सांगायची.

"मोठ्या गाडीचा आवाज मोठाच असतुया," शालूबाई म्हणायच्या, आणि धैर्यशीलच्या ताटात तुपाची धार आणखी लांबायची.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा फोन लावला की माणसाआधी खोकला ऐकू यायचा. कारखान्यात धैर्यशील आणि शेजारच्या मशीनवरचा गुंडा, दोघांनाही एकाच आठवड्यात ताप आला. गुंडा म्हणजे नुसती काठी, वाऱ्यानं हलणारी. शालूबाईंना खरी काळजी त्याची वाटली. "त्यो बिचारा काय टिकतुया," म्हणून त्याच्या घरी त्यांनी डबा पाठवला.

गुंडा चार दिवस घरात झोपला, काढा प्यायला आणि उठून म्हशीला वैरण टाकायला गेला. धैर्यशीलला मात्र बोलताना वाक्य पुरं होईना. सांगलीच्या दवाखान्यात नेला तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघून नर्स धावत सुटली. आत घेताना त्याचं वजन केलं, ते सव्वाशे किलो भरलं. अंकितानं कपाळाला हात लावला. शालूबाईंना तशातही वाटलं, चला, एवढं अंग हाय, झुंजंल.

पण ते अंगच आडवं येत होतं. श्वास सुधारावा म्हणून डॉक्टरांनी त्याला पालथं झोपवायला सांगितलं, तर पोट मधे. तिघांनी मिळून खाली उशा लावल्या. "आये, मी होडीगत डुलतोय," तो फोनवर म्हणाला. हसायला गेला आणि हसू अर्ध्यातच अडकलं. मागं उरला नुसता श्वासाचा आवाज, लोहाराच्या फाटक्या भात्यासारखा.

शालूबाई दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच गावच्या देवळाच्या दिशेला हात जोडले. "सिद्धनाथा, माझं लेकरू हाय तसं घरी आण. त्याच्या वजनाइतका गूळ तुज्या दारात तोलते."

देवानं ऐकलं म्हणा, डॉक्टरांनी म्हणा, धैर्यशील घरी आला. पण हाय तसा आला नाही. गालफडं बसलेली, विजार दोरीनं बांधलेली. बघून आख्ख्या आळीनं समाधान मानलं, शालूबाई मात्र हिशेबाला लागल्या. देवाला त्याच्या तेव्हाच्या वजनाचा, म्हणजे सव्वाशे किलो गूळ कबूल केलेला आणि पोरगं तर केवढंसं झालेलं. देवळं सरकारनं बंद केलेली. ती उघडतील तेव्हा या वाळक्याला पारड्यात बसवून थोडक्यात भागवलं, तर देव म्हणणार, बाई, माझ्याशीच मापात पाप?

म्हणून त्यांनी धैर्यशीलला पुन्हा सव्वाशेवर न्यायचं ठरवलं.

सकाळी शेंगदाण्याचे लाडू, दुपारी भाकरीवर लोणी, संध्याकाळी खीर. अंकिता भाजी वाढायची, त्यावर शालूबाई तूप वाढायच्या. अंकिता म्हणायची, "डॉक्टर वजन कमी करा म्हणालेत," की शालूबाई म्हणायच्या, "करूया की. गूळ तोलला का दुसऱ्या दिवशी करूया." दर सोमवारी त्या धैर्यशीलला सोसायटीच्या गोदामात घेऊन जायच्या आणि खताच्या काट्यावर उभा करायच्या. गोदामवाला इंद्रजित तोंड लपवत विचारायचा, "मावशी, युरियाचं एक पोतं बी चढवू का शेजारी? सोबत हुईल त्याला."

"गप रं. काय भरलं ते सांग."

ज्ञानू वडूजहून राहायला आला तर काट्यावरच गाठ पडली. पेन्शनीत निघाला तरी त्याची चाल परेडचीच. "अक्का, देवाकडं काटा हाय व्हय गं?"

"देवाकडं न्हाई, पर मी शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास आन् खातोय ह्यो."

धैर्यशीलनं मामाकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि खिशातला लाडू हळूच मामाच्या हातात सरकवला. शालूबाईंनी तो परत त्याच्या खिशात घातला.

शेवटी एका सोमवारी काटा सव्वाशेला जाऊन टेकला. शालूबाईंनी काट्याला हात लावून नमस्कार केला. त्याच संध्याकाळी धैर्यशील नळावरून पाण्याची एकच घागर घेऊन आला आणि उंबऱ्यावर बसला. आत पीठ मळत असलेल्या शालूबाईंचे हात थांबले. बाहेरून तोच आवाज येत होता. फाटका भाता.

दुसऱ्या दिवशी शालूबाई सकाळी अंकितापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "त्या डाक्टरला फोन लाव. मला बोलायचंय."

फोनवर त्यांनी आडवळण घेतलं नाही. "आवं डाक्टर, मी भरवलं म्हणून त्याला एवढं झालं का?"

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "तुमच्या जेवणानं कोरोना झाला नाही, आजी. पण झाल्यावर वजनामुळे तो जड गेला. पोटाचा भार वर फुप्फुसांवर येतो, ती पुरती फुगत नाहीत. शिवाय जास्तीच्या चरबीनं शरीरात आतून सूज असते. त्यात हा आजार आला की ती भडकते. आता बारीक माणसंही दगावली आणि जाड माणसंही बरी झाली. पण जाड माणसाला धोका जास्त, एवढं नक्की."

"आन् परत झाला तर?"

"म्हणून तर वजन उतरवा म्हणतोय. उपास नको, हळूहळू."

शालूबाईंनी फोन अंकिताच्या हातात दिला. मग ज्ञानूला बोलावलं. "गुऱ्हाळावर जा. सव्वाशे किलो गूळ आण."

"आत्ता? देऊळ बंद हाय की."

"देऊळ बंद हाय, माझं घर न्हाई. देवाचं देवाला काढून ठेवते. मंग ह्यो कितीबी उतरू दे."

गुळाच्या ढेपा पांढऱ्या धोतरात बांधून माजघरात रचल्या, भोवती मुंग्या येऊ नयेत म्हणून हळदीची रेघ ओढली. आणि ज्या जोमानं शालूबाई भरवत होत्या त्याच जोमानं त्यांनी आवरायला घेतलं. पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं माय-लेक चालायला निघायचे. पुढं त्या, मागं धैर्यशील.

"आये, जरा बसूया की."

"ते बाभळीचं झाड दिसतंय न्हवं? तितं बसूया."

बाभूळ आली की त्या पुढचं झाड दाखवायच्या. जेवताना तो म्हणायचा, "निदान अर्धी भाकरी?" तर त्या काकडी पुढं करायच्या. अंकिता आतल्या खोलीत जाऊन हसायची. दोन खुर्च्यांतली एक कधी सुटी झाली आणि पाहुण्यांना मिळायला लागली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नवरात्रात देवळं उघडली. सिद्धनाथाच्या दारात गुऱ्हाळाचा मोठा तराजू टांगला. एका पारड्यात सगळा गूळ, दुसऱ्यात धैर्यशील. तो मांडी घालून बसला आणि गुळाचं पारडं जमिनीला टेकलं ते उठेचना. धैर्यशील वर, अधांतरी. पोरंटोरं हसून लोळली. ज्ञानू म्हणाला, "अक्का, मी बी चढू का? मिळून भरू."

गुरवानं समजुतीनं एक ढेप उचलायला हात घातला. "आजी, दोन ढेपा काढल्या की बरुबर हुतंय. देव समजून घेतुया."

"हात लावू नगंस."

शालूबाई गाभाऱ्याच्या तोंडाशी गेल्या. शेजारणीशी बोलावं तसं त्यांनी देवाला सांगितलं, "हाय तसा आण म्हणले हुते. चुकलं माझं, मला काय ठाव? तू पुरा न्हाई आणलास, ते बेस केलंस. राहिलेलं वजन तू तिकडंच काढून घेतलंस असं मी धरते. गूळ पुरा ठेव."

मग गूळ फोडून आख्ख्या गावाला वाटला. गुंडानं ओंजळ भरून घेतला आणि तिथंच बसून खाल्ला. धैर्यशीलनंही सगळ्यात शेवटी हात पुढं केला. शालूबाईंनी त्याच्या तळव्यावर सुपारीएवढा खडा ठेवला, त्याच्याकडं बघितलं, आणि त्यातला अर्धा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला.