मोहाच्या बांधीतला वारा

माझं शिक्षण चौथी. भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. छप्पन सालच्या दीक्षेनंतर माझ्या बापानं घरातले देव नेऊन तलावात सोडले, तेव्हापासून आमच्या घरात असल्या भीतीले जागा नाही. या ग्रुपवरचे अनुभव नात मले मोबाईलवर वाचून दाखवते आणि मी हसतो. आता माझाच लिहून राहिलो... ज्याले हसायचं त्यानं हसावं.

गाव आमचं नवेगाव बांधच्या अलीकडं, एका तलावाच्या पाळीखाली. माझ्या धानाच्या एका बांधीले, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्याले, सारं गाव मोहाची बांधी म्हणते. तिथं मोहाचं जुनं झाड होतं. त्यावर कोणी बाई राहते अशी बोंब होती. म्हटलं, थांबा, बाईले घर खाली करायले लावतो. झाड पाडलं, बुंधा खणला, मुळ्या चुलीत घातल्या. बुढी, म्हणजे माझी बायको, मोहफुलं गेली म्हणून दोन महिने बोलली नाही. पण मी जिंकलो होतो.

त्याले नऊ वर्षं झाली असतील, तेव्हाची म्हणजे दोन हजार तेराची गोष्ट. नात शीतल नागपुरात इंजिनियरिंगचं वरचं शिक्षण घेत होती. तिचं काम असं — वादळात जमिनीजवळचा वारा कसा वळते, ते कॉम्प्युटरवर गणित मांडून काढायचं. मग खरं वादळ आलं की मोजलेला वारा आणि गणितातला वारा ताडून पाहायचा. जुळला तर पास. नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं, पण पास झाल्याशिवाय हजर करून घेत नव्हते.

कॉलेजची माणसं मोहाच्या बांधीत लोखंडी खांब उभा करून गेली. त्यावर पुरुषभर उंचीले गरगर फिरणाऱ्या वाट्यांचं यंत्र. शीतल आली नाही, तिची परीक्षा होती. आमच्या शेतात ती शेवटची आली ती फ्रॉकात. तिनं फोनवर विचारलं, खांबाच्या आजूबाजूले वारा अडवणारं काय काय आहे, उंचीसकट सांगा. मी खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं. उगवतीले तलावाची पाळ, दोन पुरुष. बाजूले गोठा. मावळतीले वीस पावलांवर मोह, चाळीस फूट.

निघून गेलं तोंडातून. झाड पाडलं तरी गावाचा पत्ता त्याच्यावरूनच चालते — मोहापासून डावीकडं वळ, मोहामांगं म्हैस बांधली. माझ्याही तोंडी तेच बसलेलं.

वैशाखात उन्हाळी धान कापून त्याच बांधीत पेंढ्यांचं पुंजणं रचलं, खांबाजवळच. दुपारी तीनला मावळतीकडून वादळ आलं. शेजारच्या आसारामचं पुंजणं उडालं, त्याच्या पेंढ्या पाळ ओलांडून तलावात पोहत होत्या. गोठ्याची टिनं गेली. माझ्या पुंजण्याची काडी हलली नाही. रचायची अक्कल लागते, असं सांगत मी दोन दिवस गावात फिरलो.

चौथ्या दिवशी शीतलचा फोन. गणित जुळलं होतं. मोहाच्या आडोशानं वारा पडला, जसा खांबावर मोजला तसाच गणितात. तिचे कॉलेजातले सर खूश. फक्त रिपोर्टात लावायले झाडाचा फोटो पाठवा म्हणे.

आली पंचाईत. दोन दिवस मी कॅमेरा बिघडला म्हणून टाळलं. बुढी ऐकत होती.

“दुसऱ्या कोणाच्या मोहाचा काढा,” म्हणाली. “फोटोत झाड थोडीच बोलते.”

खोटं मी बोलत नाही — कॅमेऱ्याचं सोडून. फोन करून खरं सांगितलं. मग शीतल म्हणाली, “आबाजी, मंग वारा कशानं अडला?”

तिनं गणितातून झाड काढून पुन्हा चालवलं. असा वारा निघाला की पुंजणंच काय, मीही तलावात गेलो असतो. झाड लावलं की जुळे, काढलं की बिघडे. सर म्हणाले, यंत्रच खराब असणार, सारं काम रद्द. पोरगी फोनवर रडली. मी म्हटलं, तुझ्या सरले म्हणा, बांधीत येऊन पाहा.

आले. हातात दुसरं लहान यंत्र. त्या दिवशीही मावळतीचा वारा होता, टोपी धरावी लागे. खांबापाशी उभे राहिले तर हातातला पंखा थांबला. दहा पावलं बाजूले गेले, गरगरला. परत आले, थांबला. तीनदा केलं. मग त्यांनी रिकाम्या जागेकडं बोट दाखवून विचारलं, “इथं काय होतं?”

बुढी माझ्याकडं हात करून माझ्याआधी बोलली. “मोह होता. यायलेच विचारा, कुठी गेला तं.”

सरांनी वही मिटली. सरळ वाट सोडून, त्या जागेले वळसा घालून ते गाडीकडं गेले.

शीतल पास झाली. जाड पुस्तक आणून तिनं मले वाचून दाखवलं. अडथळ्यांच्या यादीत पाळ आहे, गोठा आहे, आणि शेवटी — मोह, उंची चाळीस फूट, सध्या नाही. खाली सरांची सही.

मी अजूनही मानत नाही. वारा आहे, कशानंही अडते. पण कशानं, ते शिकलेले सर सांगू शकले नाहीत, मी चौथीवाला कुठून सांगू...

यंदा आसारामनं विचारलं, माझं पुंजणं तुमच्या बांधीत रचू का, पार मावळतीच्या कोपऱ्यात? मी म्हटलं, खुशाल रच, पण त्या कोपऱ्यात नको. झाडात कसं रचशील?

बुढी तिथंच उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.