चिमटामावशी आणि ट्रॉलीवरचे डबे

इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत बावीस वर्षं चादरी धुणाऱ्या मावशीचं खरं नाव कोणी विचारत नसे. चिमटामावशी म्हटलं की पहारेकऱ्यापासून सर्जनपर्यंत सगळे ओळखायचे.

नाव पडलं ते असं. एका सकाळी वॉर्डातून आलेलं गाठोडं सोडताना चादरीच्या घडीत राहिलेली सुई तिच्या अंगठ्यात घुसली. कोणाला टोचलेली, देव जाणे. तिने नळाखाली साबणाने अंगठा धुतला आणि तडक मोठ्या सिस्टरांना गाठलं. रक्त तपासलं, महिनाभर औषधं झाली. शेवटची तपासणी मात्र सहा महिन्यांनी, तोवर जिवाला घोर. मावशी मग हातभर लांब चिमट्याने चादरी उलगडू लागली. बरोबरच्या बायका फिदीफिदी हसायच्या.

"हसा गं हसा. अंगठा माझा आहे!"

सुया काही थांबेनात. शेवटी ती भांडायच्या तयारीनेच वॉर्डात गेली. तिथली नर्स रडकुंडीला आली होती. "मावशी, सुयांचा डबा तिकडे दाराशी, पेशंट इकडे. मधेच कोणी हाक मारली की सुई ट्रेमध्ये राहते, आणि तिथून कुठे जाते कळतच नाही."

मावशीचं भांडण तोंडातच राहिलं.

तिचा नवरा शिंपी. त्या संध्याकाळी तो सदऱ्याला बटणं लावत होता. मनगटाला बांधलेल्या छोट्या गादीत न बघता सुई खोचत होता. मावशी टक लावून बघत राहिली.

"ही मनगटावर का बांधता हो?"

"मग काय शेजारी नेऊन ठेवू? हातातून सुटली की सुई तिथेच जायला हवी."

"अहो, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं!"

नवऱ्याला ओ की ठो कळलं नाही, पण स्वारी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या सिस्टरांना सांगितलं, "डबा इंजेक्शनच्या ट्रॉलीलाच अडकवा. टोचून झालं की टोपण लावायच्या भानगडीत न पडता सुई सरळ आत."

सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभरात प्रत्येक ट्रॉलीला जाड प्लॅस्टिकचा डबा लागला. स्वच्छ चादरी पोचवायला मावशी आता स्वतः वर यायची. एकदा मोठे सर्जन सवयीने सुई ट्रेमध्ये ठेवणार, तोच ती म्हणाली, "साहेब, डबा तुमच्या कोपरापाशीच आहे."

सर्जनांनी सुई डब्यात टाकली. "आणखी काही हुकूम?"

"आहे ना. पाऊण भरला की बदलायचा."

साहेबच आधी खो खो हसले.

पुढचे दोन महिने लाँड्रीत एकही सुई आली नाही. मग तिचा शेवटचा रिपोर्ट आला. सगळं ठीक होतं. बायकांनी तिला चादरीत गुंडाळून गरगर फिरवलं. न्यायला आलेल्या नवऱ्याने रिपोर्ट मोठ्याने वाचला, न कळलेल्या ओळींसकट. बायका म्हणाल्या, पुन्हा वाचा. त्याने घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.