पहिली पत्रिका देवाला

आमच्या लग्नाला बेळगावात साठ पाहुणे यायचे होते आणि त्यातला एकही बेळगावचा नव्हता. पुणे, बेंगळूर, गोवा, सगळी मित्रमंडळी. ती निपाणीची, मी खानापूर तालुक्यातली. दोन बायकांच्या लग्नाला कायद्यात जागा नाही, त्यामुळं नोंदणीचा प्रश्नच नव्हता. उरले हार, अक्षता आणि जेवण, आणि ते मला माझ्याच शहरात हवं होतं. बेंगळुरात करू, असं ती शंभरदा म्हणाली. मी हट्टी.

हॉल 'गेट-टुगेदर' सांगून घेतला. फाटकावरच्या फलकासाठी मॅनेजरनं नवरा-नवरीची नावं विचारली, तेव्हा फलकच नको म्हटलं. तो जरा जास्तच वेळ माझ्याकडं बघत राहिला. पाहुण्यांना तीन लॉजमध्ये विभागलं, स्टेशनवरून आणायला दोन मिनीबस ठरवल्या, पण ड्रायव्हरना पत्ता आदल्या दिवशीच द्यायचा. पत्रिका पुण्यात छापल्या, त्यावर हॉलचं नाव टाकलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न करतोय की दरोडा घालतोय, असं मी चेष्टेनं म्हणायची. तिला हसू यायचं नाही. तिच्या घरच्यांनी बोलणंच टाकलं होतं.

माझ्याकडून एकटी आई येणार होती. वडील गेल्यापासून ती माझ्याजवळच राहते. 'येते' म्हणायला तिला दोन वर्षं लागली. ती अक्षता टाकायला उभी राहिली की मला बाकी कुणी नको होतं. म्हणून कौतुकानं एक पत्रिका तिच्या हातात दिली. वेडेपणा तिथं झाला.

लग्नाला पाच दिवस उरले असताना आई दुपारच्या बसनं परतली. कपाळाला अंगारा होता.

"गावाकडं गेलते. पहिली पत्रिका देवाला नको व्हय?"

आमच्या गावात पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढं ठेवतात आणि गुरव ती मोठ्यानं वाचून गाऱ्हाणं घालतो. त्यात तो मंगळवार, देऊळ माणसांनी भरलेलं. मी अशी ओरडले की शेजारणीनं दार उघडून बघितलं.

आई चप्पल काढत म्हणाली, "गुरव म्हणाला, छापणाऱ्यानं चुकवलंय, नवऱ्याच्या जागी पोरीचं नाव घातलंय. मी म्हटलं, न्हाय, बरोबर हाय."

तिनं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर आम्ही वाचलो असतो. मला तिचा भयंकर राग आला आणि तिला मिठीही मारावीशी वाटली. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

गावाकडून तीन दिवस एकही फोन आला नाही. एरवी साधं बारसं असलं तरी दहा जणी फोन करतात. चौथ्या दिवशी आप्पांचा आला. हे माझे थोरले चुलते, भावकीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. ते शिव्या देतील म्हणून मी फोन कानापासून लांबच धरला होता.

"हॉल कुठला गं?"

"आप्पा, तुमी रागावलाय काय?"

"हॉल कुठला आणि अक्षता किती वाजता, तेवढं सांग. देवापुढं बोलावणं झालंय. आमी येणार."

आवाजात काहीच नव्हतं. तरी मी पत्ता सांगितला. त्यांच्याशी खोटं बोलायला मला जमलेलंच नाही. हॉल बदलू, असं माझी नवरी रडकुंडीला येऊन म्हणाली. पण निम्मे पाहुणे लॉजवर उतरले होते, उरलेले गाडीत बसले होते.

लग्नादिवशी मिनीबस वेळेवर आल्या. मित्रमंडळी आत हसत-खिदळत होती. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. पावणेबाराला फाटकाशी गावचा टेम्पो थांबला. मी दारात होते, ती माझ्या शेजारी. लग्नाच्या गाडीतून आमच्याकडं आधी बायका उतरतात, कडेवर पोरं घेऊन, पदर सावरत. या गाडीतून नुसते बापे उतरले. वीसेक असतील. कुणाच्या डोक्याला फेटा नाही, हातात आहेर नाही, कुणी बोलत नाही. आप्पा सगळ्यांच्या पुढं.

"फाटक लावा," मी वॉचमनला ओरडून सांगितलं.

"लावू नको," मागून आई म्हणाली. तिच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं. "बोलावणं मी दिलंय. पुढं मीच जाणार."

आम्हा दोघींना बाजूला सारून ती पायऱ्या उतरली आणि एकटी त्यांच्याकडं चालू लागली.