रविवारचा ओटा

मुंबई रविवारी मासे खाते. त्यामुळे मासे विकणाऱ्या बाईला रविवार नसतो, मग ती ख्रिस्ती का असेना. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं पक्कं डोक्यात राहिलं. राहून उपयोग काय? लग्न झालं, सासूने वाकोल्याच्या बाजारातला आपला ओटा माझ्या हाती दिला आणि मी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, जायला लागले. ती रविवारची म्हणून धरतात. देवाकडे हजेरी लागली की रविवारी पहाटे बर्फ फोडायला मोकळी.

सकाळची मिस्सा सुटली की आमच्याच देवळातले लोक थेट माझ्या ओट्यावर येत. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. अंगात इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी. "काय मावशी, मिस्साला दिसली नाहीस?" असं विचारायचे आणि लगेच, "कोळंबी सोलून दे हां, पाहुणे आहेत." मी सोलून द्यायची. त्यांच्या विसाव्याचे काटे माझ्या नखांत जायचे.

सोमवारी बाजार रिकामा, कारण अर्ध्या गिऱ्हाइकांचा उपास. मग सोमवारी तरी मी पडायचे का? कसली. आठवड्याचं धुणं, रेशन, दवाखाना, सगळं सोमवारवर ढकललेलं असायचं. दमले आहे हे मला कळत होतं. पण दमणं ही काही सांगायची गोष्ट आहे असं कधी वाटलं नाही. पाठ असते तसं दमणंही असतं, एवढंच.

मग टोपली उतरवताना शिंगाळा माशाचा काटा नडगीत घुसला. मला साखर आहे. दिवसभर पाय बर्फाच्या पाण्यात. जखम भरेना, उलट पसरत गेली. दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. ती म्हणाली, "आजी, पाय उशीवर ठेवून पडून राहायचं. ओल्यात पाऊल टाकायचं नाही. ऐकलं नाही तर पाय कापावा लागेल."

"किती दिवस?"

"भरेपर्यंत."

मला आधी पायाची नाही, ओट्याची काळजी लागली. बाजारात रिकामा ओटा फार दिवस रिकामा राहत नाही. कोणीतरी टोपली टेकवते, मग फडकं पसरते, मग तिथेच बसते. भांडायला तुम्ही तिथे असावं लागतं. ओटा गेला तर माझं घरातलं बोलणंही गेलं, हे मला ठाऊक होतं. कमावत्या म्हातारीचं ऐकतात. नुसत्या म्हातारीला औषधं देतात.

मुलगा म्हणाला, "आई, सोड ना आता तो ओटा. पायाची वाट लागलीय."

"सोडते. उद्यापासून तू बसणार?"

तो विमानतळावर सामान चढवतो, सून अंधेरीला ऑफिसात. दोघांना माशाचा वास ताटातच चालतो.

सोमवारी माझी शेजारीण आली. घरची नव्हे, बाजारातली. माझ्या ओट्याला लागून बसते, खारदांड्याची कोळीण, हिंदू. अर्धं आयुष्य आम्ही एकमेकींच्या गिऱ्हाइकांवरून भांडलोय. तिने पट्टी उचलून बघितली.

"अगं, सडलीस की तू! पापलेटाला असा वास आला तर मी फेकून देते."

"मग दे फेकून."

"तोंड तेवढं ताजं आहे. पडून राहा. तुझा ओटा मी बघते."

"बघशील आणि माझी गिऱ्हाइकं खाशील."

"खाईनच. फुकट बसू काय? पण दुसऱ्या कोणाला टेकू नाही देणार. आधी पाय वाचव, मग ये भांडायला."

माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. हो म्हणाले.

पहिल्या रविवारी पहाटेच जाग आली. पाय उशीवर, डोळे आढ्याला. बाजारात आता बर्फ आला असेल, बोंबील कोणी उचलले असतील, हेच डोक्यात. अंग पडलं होतं, मी पडले नव्हते. शेवटी कंटाळून मुलाला म्हटलं, देवळात ने. रिक्षाने गेलो. कोपऱ्यातल्या बाकावर पाय आडवा टाकून बसले. किती वर्षांनी रविवारची मिस्सा, तर कोण कुठे बसतं तेही ठाऊक नाही.

फादरने त्या दिवशी येशू नावेत झोपला होता ते वाचलं. वादळ आलं, नावेत पाणी भरायला लागलं, आणि हा आपला मागे उशीवर डोकं टेकून झोपलेला. फादर म्हणाले, "दिवसभर लोकांनी घेरलं होतं. तो दमला होता." हे मला कोणी असं सांगितलंच नव्हतं. देवाचा मुलगा, तोही दमतो आणि झोपतो, आणि त्याची लाज वाटत नाही. मग मी माझा विचार केला. माझा नवरा नावेवर जायचा. तो सांगायचा, सुकाणूवर कोण आहे त्यावर झोप ठरते. येशू तर सुताराचा. नाव कोळ्यांच्या हाती दिली आणि झोपला. मी मात्र रोज शंभर वेळा देवाचं नाव घेऊन सुकाणू काही सोडलं नव्हतं.

बाहेर पडताना माझं एक जुनं बांधलेलं गिऱ्हाईक भेटलं. "मावशी, तू नाहीस तर आता कोळंबी कोणाकडून घ्यायची?"

आजवर मी सांगितलं असतं, थांब, मी येईपर्यंत कोंबडी खा. त्या दिवशी तोंडातून निघालं, "माझ्या बाजूच्या दांडेवालीकडे जा. ताजी देते. माझं नाव सांग."

घरी येऊन पाय वर ठेवला. त्या दुपारी मला झोप लागली, दिवे लागेपर्यंत. सून दोनदा श्वास बघून गेली म्हणे.

पाय वाचला. भरायला पावसाळा गेला. मी बाजारात परत गेले तेव्हा माझ्या ओट्याच्या निम्म्यावर तिच्या टोपल्या होत्या, आणि माझी बरीच गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत होती. ती टोपल्या उचलायला लागली. मी म्हटलं, "राहू दे. बुधवार, शुक्रवार मी बसेन. रविवार दोन्ही ओटे तू घे."

"डोकं फिरलं काय? रविवारीच तर धंदा."

"म्हणूनच."

घरात पैसे कमी आले, तसं माझ्या बोलण्याचं वजनही कमी झालं. ते व्हायचंच होतं. पण एक गोष्ट मला सलते. मी रविवारी देवळात बसते तेव्हा ती दोन ओट्यांवर एकटी मरते. माझा विसावा तिच्या पाठीवर आहे. देवाने विसाव्याची आज्ञा दिली तेव्हा घरातल्या चाकराला आणि बैलालाही त्यात धरलं होतं, हे फादरच एकदा म्हणाले होते.

म्हणून आता सोमवारी ती माझ्याकडे येते. तिच्या घरी ती पडली की कोणीतरी हाक मारतंच. तिचा उपास, म्हणून मी साबुदाणा भिजवते. ती खिचडीला नावं ठेवते, खाते आणि माझ्या खाटेवर आडवी होते.

मागच्या सोमवारी तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, सासूबाईंना उठवा ना, गॅसवाला आलाय."

"तू घे गॅस," मी म्हटलं आणि फोन ठेवला.