मान धर आणि उडव

"मान धर आणि उडव!"

काकीचं हे वाक्य ऐकून मी पहिल्याच दिवशी पळून जाणार होते. खरंच! रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती, चाळीत खोली घेतली होती. बॅग घेऊन जिना चढले तर गॅलरीत ही बाई उभी, अख्ख्या चाळीची काकी. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात कोयता, दुसऱ्या हातात कोरफडीचा गळा. खच्च! मुंडकं हातात, धड कुंडीत.

"काय गो, नवी काय? ये, ही धर. हिचीपण उडवायची हाय."

तुम्ही पण बघितली असतील अशी झाडं. कोरफड, पानफुटी, शेर. आमच्या गॅलरीत ऊन एकाच बाजूने यायचं, मग सगळी तिकडे माना ताणत झुकायची. खाली नागडा दांडा आणि वर चार पानं. आपण काय करतो? काठी बांधतो, जास्त पाणी घालतो. काकी कोयता काढायची. आणि तोंडाने पट्टा चालूच!

"भवाने, काय बघतेस वाकून वाकून? तिकडं काय सिनेमा लागलाय?" खच्च. "खायला घातलं ते ताडमाड व्हायला व्हय?" खच्च.

मी हसून हसून बेजार.

पण कापून झालं की ही बाई एकदम बदलायची. मुंडकी सुपात ठेवायची, सावलीत, काप वर करून. जखम सुकल्याशिवाय मातीला टेकवायची नाही. खालच्या टपरीवाल्याने एकदा घाईने ताजीच खोचली, ती कुजली. काकीने ती उपटून त्याच्या नाकाखाली धरली. "हुंग! ओल्या जखमेला माती लावलीस ना, मग असा वास येतो."

मग तिची पोरगी आली, कुंदा. नागोठण्याहून, सासरहून. मनगटावर उलथन्याचा चटका, अजून पाणी सुटणारा. कानामागचे केस मुळासकट उपटलेले. दुसऱ्या दिवशी काकीने सवयीने कोयता उचलला, खच्च केलं, आणि कुंदा किंचाळून कोपऱ्यात बसली, डोळे गच्च मिटून, दोन्ही हात डोक्यावर.

त्या दिवशी कोयता माळ्यावर गेला.

झाडं मोकाट सुटली हो! पानफुटी कठड्यावरून खाली लोंबली, शेर पार छताला लागला. काकी नुसती बघायची आणि दातओठ खायची. चाळीतल्या बायका विचारायच्या, "किती दिवस ठेवणार गो पोरीला?"

"सुकंपर्यंत," काकी म्हणायची.

जावई आला एका रविवारी सकाळी. इस्त्रीचा शर्ट, हातात जिलबीचा पुडा. "झालं गेलं सोडा आता. चल गो, आवर," म्हणाला.

"ती येणार नाय," काकी म्हणाली.

त्याने जिलबी कठड्यावर नीट ठेवली. मग पहिली कुंडी लाथेने उडवली. मग दुसरी. मग सगळ्या! माती, खापऱ्या, तुटलेले दांडे. आत शिरला, कुंदाला वेणीला धरून फरफटत बाहेर आणलं, तिचं डोकं चौकटीवर आपटलं, ओढत जिन्याकडे निघाला. अख्खी चाळ आपापल्या दारात उभी.

काकीने कोयत्यासाठी माळ्याकडे उडी मारली. हात पोचेना. तशीच वळली आणि शेराची लांबलचक फांदी हाताने मोडली. पांढरा चीक भळाभळा. फाट्! सरळ तोंडावर.

शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वेणी सुटली. तो गुरासारखा ओरडायला लागला. काकी थांबेना. "ही हाताची! ही केसांची!" फांदीचे तुकडे तुकडे होईपर्यंत. त्याच्या ओठातून रक्त, इस्त्रीच्या शर्टावर चीक.

आणि तो डोळे चोळायला लागला, तशी ती थबकली. "चोळू नको, मुडद्या!" मानगूट धरून मोरीत नेला, पाठीवर गुडघा रोवला, तांब्यावर तांब्या पाणी. मी बादल्या आणत होते. "उघड! डोळा उघड! तू आंधळा झालास तर हे लोक माझ्या पोरीला तुझी काठी करतील!"

डोळे वाचले त्याचे. दवाखान्यातून सुजलेलं तोंड घेऊन गेला तो परत फिरकला नाही. काकीच्या दोन्ही हातांना चिकाचे फोड आले होते. त्या रात्री कुंदाने तिला भरवलं. काय? तीच जिलबी! "बरी हाय," काकी म्हणाली. "जरा जास्त आंबलीय."

पुढे पेणला एका गणपतीच्या कारखान्यात कुंदाला रंगकाम मिळालं आणि दोघी तिकडे गेल्या. जाताना काकीने सामान कमी आणि फुटक्या कुंड्यांतून वेचून सुपात सुकवलेली मुंडकीच जास्त नेली.

मी गेले भेटायला, पण उशीर केला. काकी त्याआधीच पावसाळ्यात तापाने गेली होती. कारखान्यामागच्या अंगणात, फुटक्या साच्यांमध्ये तिची झाडं लावलेली होती, हातभर ताणलेली. कुंदाच्या बोटांना गुलाबी रंग. मनगटावरचा डाग सुकून गुळगुळीत झालेला.

"आई गेल्यापासून कुणी हात नाय लावला," ती म्हणाली. भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेला कोयता काढला आणि कोरफडीची मान धरली. या वेळी डोळे मी मिटले.

"भवाने," कुंदाचा आवाज आला, "तिकडं काय सिनेमा लागलाय?"

खच्च.