गेट पासवरचा चेहरा

रक्त तपासणीच्या खोलीबाहेर एक माणूस माझ्या शेजारी बसला होता. स्टील प्लान्टमध्ये क्रेन चालवायचा. बोलताना उजवी मूठ सारखी मिटायचा, उघडायचा, जणू लिव्हर अजून हातातच आहे. आजार दोघांचा एकच, आमवात. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं. मला त्याच दिवशी स्टेरॉइडची गोळी लिहून दिली होती.

"घेऊ की नको?" मी त्याला विचारलं.

त्यानं खिशातून गेट पास काढला. फोटोतल्या माणसाचे गाल बसलेले होते. माझ्यासमोरचा चेहरा गोल, तकतकीत सुजलेला होता.

"गेटवर जवानानं अडवलं मले. म्हणे, ये आप नहीं हो. अन् गावचे लोक म्हणतात, तब्येत बनली बावा तुही! या गोळीनं हाडं आतून पोकळ होऊन राहिली, ते कोणाले दिसते?"

"मग सोडत का नाही?"

"सोडली होती. वर केबिनमधी बोटं वळलीच नाही. माल लटकलेला, खाली माणसं." त्यानं पास खिशात ठेवला. "तोंड गेलं त चालते, ताई. मूठ गेली त खालचा माणूस जाते."

माझ्या मुठीखाली कोणी उभं नव्हतं. पण ब्लाउजची हुकं मुलगी लावून द्यायची. मी गोळी सुरू केली.

परवा हुडको कॉलनीच्या बाजारात जुनी शेजारीण भेटली. "किती छान तब्येत झाली हो तुमची!" ती म्हणाली.

मी हसले. गाल जड लागले. भाजीची भरलेली पिशवी मी एकाच हातात धरली होती.